ज्या दुखण्यावर औषध नाही



लखनौ म्हटले की मराठी माणसाला पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात. वाळकेश्वरात जन्मलेल्या या वकिलाने १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे करण्यात पुढाकार घेतला आणि घराण्यांच्या भिंतींआड राहिलेली विद्या वर्गाच्या फळ्यावर आणली. ज्ञान थोड्यांच्याच हाती राहू नये, ते सर्वांना समजेल अशा रीतीने मांडले जावे, ही त्यामागची दृष्टी होती. आजच्या व्याख्यानाचा विषय संगीत नाही. तरी त्याच्या मुळाशी तीच दृष्टी आहे, आणि त्याचा आरंभही लखनौपासूनच करणे सोयीचे आहे.

२००२ साली लखनौच्या सिटी माँटेसरी स्कूलला युनेस्कोचा शांतता-शिक्षण पुरस्कार मिळाला. १९५९ साली अवघ्या पाच मुलांनिशी सुरू झालेल्या एका शाळेचा हा गौरव होता. शाळेला शिक्षणाचा पुरस्कार मिळावा यात नवल नाही. नवल वाटते ते याच पुरस्काराची जुनी यादी चाळताना. १९८४ साली हा पुरस्कार डॉक्टरांच्या एका संघटनेला देण्यात आला होता. तिचे नाव ‘इंटरनॅशनल फिजिशियन्स फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ न्यूक्लिअर वॉर’, म्हणजे अणुयुद्ध टाळण्यासाठी एकत्र आलेल्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना. डॉक्टर रोग्याला तपासतो, औषध देतो, प्रसंगी शस्त्रक्रिया करतो. त्याने शांततेचे शिक्षण दिले म्हणजे नेमके काय केले? ते कोणाला दिले? आणि तसे करण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

उत्तराची सुरुवात हिरोशिमात होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी त्या शहरावर पडलेल्या बॉम्बची शक्ती सुमारे १५ किलोटन, म्हणजे १५ हजार टन स्फोटक दारूइतकी होती. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसे मृत्यू पावली. हा आकडा अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या जोडीला असलेला दुसरा आकडा मात्र फारसा सांगितला जात नाही. शहरात सुमारे ३०० डॉक्टर होते. त्यांपैकी २७० मृत किंवा जखमी झाले. परिचारिकांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणींची हीच गत झाली. औषधांचे साठे जळाले, पाण्याचे नळ फुटले, रुग्णालये कोसळली. ज्यांनी जखमींना वाचवायचे तेच जखमींच्या रांगेत पडले होते.

जे डॉक्टर उभे राहू शकत होते त्यांच्यापुढे आणखी एक कोडे होते. अंगावर ओरखडाही नसलेली माणसे दोन-तीन आठवड्यांनी आजारी पडू लागली. केस गळत, हिरड्यांतून रक्त येई, ताप चढे, अंगावर जांभळे डाग उमटत आणि रोगी दगावे. किरणोत्साराने हाडांतील मगज निकामी होतो, रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होतात आणि मग साधासा जंतुसंसर्गही प्राणघातक ठरतो, हे पुढे उलगडले. काही वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण वाढले आणि त्यानंतर इतर कर्करोगांचे. सदाको सासाकी ही मुलगी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. बाराव्या वर्षी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या स्मरणार्थ हिरोशिमाच्या उद्यानात उभे असलेले मुलांचे स्मारक शाळाशाळांतून गोळा झालेल्या वर्गणीतून उभारले गेले.

हेच चित्र एखाद्या ओळखीच्या शहराच्या नकाशावर ठेवून पाहावे. लखनौच्या महापालिका हद्दीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख होती. तेथील एक जुने व मोठे रुग्णालय म्हणजे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे. १९११ साली त्या महाविद्यालयाची पहिली तुकडी सुरू झाली. पूर्वेकडील जिल्ह्यांतून, बुंदेलखंडातून, तराईतून रोगी आजही तेथे येतात. ते आहे चौक भागाजवळ, जुन्या वस्तीला लागून. बलरामपूर रुग्णालयही शहराच्या ऐन मध्यात आहे. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था तेवढी रायबरेली रस्त्याला, दूर अंतरावर. मोठी रुग्णालये गावाच्या मध्यभागी असतात, कारण रोग्यांना तेथे पोहोचणे सोपे जाते. मुंबईत भायखळ्याचे जे. जे. आणि परळचे केईएम त्याच कारणाने तेथे आहेत. शांततेच्या काळात जी सोय, तीच अण्वस्त्राच्या बाबतीत घात ठरते. शहराच्या मध्यावर पडलेला बॉम्ब सर्वांआधी रुग्णालय नाहीसे करील.

आता केवळ त्रैराशिक मांडावे. समजा, अशा शहरात जिवंत राहिलेल्या प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला एक हजार गंभीर जखमी आले. एका रोग्याला त्याने फक्त १५ मिनिटे दिली आणि रोज २० तास काम केले, तरी प्रत्येकाला एकदा पाहून होण्यास त्याला साडेबारा दिवस लागतील. तेही त्याला दिवा, पाणी, सलाईन, रक्त आणि मलमपट्टी मिळत असेल तर. गंभीर भाजलेल्या एका माणसाला वाचवायला सुसज्ज रुग्णालयात आठवडेच्या आठवडे लागतात. शिरेतून द्रव द्यावे लागतात, पुन्हा पुन्हा कातडीरोपण करावे लागते. मोठ्या शहरांतही जळीत विभागातील खाटा मोजक्याच असतात. हा हिशेब मांडायला अणुविज्ञान लागत नाही. तो सातवीतल्या मुलालाही करता येतो. डॉक्टरांनी जगाला जे शिकवले त्याचा पहिला धडा हाच होता.

१९६१ साली अमेरिकेतील बोस्टन येथे काही तरुण डॉक्टर एकत्र आले. हृदयविकारतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड लाऊन हे त्यांच्यात अग्रभागी होते. त्या काळी सरकार नागरिकांना तळघरात आसरा घेण्याचे, डबाबंद अन्न साठवण्याचे सल्ले देत होते. अणुयुद्ध झाले तरी नीट तयारी असेल तर निभावून नेता येईल, असा त्या सल्ल्यांचा सूर होता. या डॉक्टरांनी घोषणा दिल्या नाहीत. शहरावर बॉम्ब पडल्यास किती डॉक्टर उरतील, किती खाटा उरतील, किती रक्त लागेल, याचा त्यांनी शांतपणे हिशेब केला आणि मे १९६२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. निष्कर्ष सरळ होता. अशा प्रसंगी वैद्यकाकडे देण्यासारखे काहीही नसेल. ज्या दुखण्यावर औषध नाही, ते होऊ न देणे एवढाच उपचार शिल्लक राहतो.

त्याच सुमारास अमेरिकेतील सेंट लुइस शहरात आणखी एक काम चालू होते. अणुचाचण्या तेव्हा उघड्या हवेत होत. त्यांतून उडालेली स्ट्रॉन्शियम-९० नावाच्या किरणोत्सारी द्रव्याची धूळ पावसाबरोबर गवतावर पडे. गाय ते गवत खाई, दुधात ते द्रव्य उतरे आणि दूध पिणाऱ्या मुलाच्या शरीरात जाई. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमच्या जातकुळीचे; शरीर दोन्हींत फरक करीत नाही आणि ते हाडांत व दातांत साठवते. डॉ. लुईझ रीस या डॉक्टरबाईंच्या नेतृत्वाखाली १९५८ च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. आया ते दात लिफाफ्यात घालून, मुलाची जन्मतारीख लिहून पाठवीत. शाळांमधून अर्ज वाटले जात. दात दिलेल्या मुलाला एक बिल्ला मिळे. पुढील बारा वर्षांत सुमारे तीन लाख दात जमले. १९५० नंतरच्या दशकात जसजशा चाचण्या वाढल्या तसतसे त्या त्या वर्षी जन्मलेल्या मुलांच्या दातांतील स्ट्रॉन्शियमही वाढलेले आढळले. दूर वाळवंटात किंवा निर्जन बेटावर केलेला स्फोट घरातल्या दुधाच्या पेल्यापर्यंत पोहोचतो, हे एका दुधाच्या दाताने सिद्ध केले. ५ ऑगस्ट १९६३ रोजी हवेतील, पाण्यातील आणि अवकाशातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. तो घडून येण्यास अनेक कारणे होती. या दातांचा पुरावा त्यांतील एक होता.

भारतही या विचारात मागे नव्हता आणि त्यात एका मराठी डॉक्टरचा वाटा होता. मार्च १९५४ मध्ये प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरचे २३ जण आजारी पडले आणि त्यांपैकी एक दगावला. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. पुढे या स्फोटांच्या परिणामांचा शास्त्रीय अभ्यास भारत सरकारने करवून घेतला. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या देखरेखीखाली तयार झालेले ते पुस्तक १९५६ साली नेहरूंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. या कामाशी डॉ. होमी भाभा यांच्याप्रमाणेच मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचाही संबंध होता.

खानोलकरांचे नाव भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून घेतले जाते. गोमंतकीय मराठा घराण्यात १८९५ साली जन्मलेल्या या संशोधकाच्या कामाची दिशा ध्यानात घेण्यासारखी आहे. १९४५ साली, म्हणजे हिरोशिमाच्याच वर्षी, त्यांनी भारतातील काही कर्करोगांचा संबंध लोकांच्या नित्याच्या सवयींशी असल्याचे दाखवून दिले. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने होणारा कर्करोग, तंबाखूच्या गोळीमुळे होणारा कर्करोग हे त्यांनी अभ्यासलेले प्रकार. रोग कशाने होतो हे कळले की तो टाळता येतो, हे या संशोधनाचे सार. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ साली किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रीय समिती नेमली, तेव्हा भारताचे प्रतिनिधी म्हणून तेथे खानोलकर गेले. धोतराची गाठ आणि हायड्रोजन बॉम्ब यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु दोन्हींकडे पाहणारी नजर एकाच वैद्याची होती. रोग्याच्या खाटेपाशी थांबून भागत नाही, रोगाच्या उगमापर्यंत जावे लागते, ही ती नजर.

उगमापर्यंत गेलेला डॉक्टर अपरिहार्यपणे सत्तेच्या दारात जाऊन पोहोचतो. १९८० साली हेच घडले. त्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देवी रोगाचे पृथ्वीवरून निर्मूलन झाल्याची घोषणा केली. येथे बसलेल्या ज्येष्ठांच्या दंडावर त्या लढाईची खूण आजही असेल. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले असतानाही त्यांनी देवीच्या लसीच्या कामी सहकार्य केले होते. त्याच वर्षी डिसेंबरात जिनिव्हात तीन अमेरिकन आणि तीन सोव्हिएत डॉक्टर भेटले. एका बाजूला बर्नार्ड लाऊन होते, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत नेत्यांवर उपचार करणारे हृदयविकारतज्ज्ञ येव्गेनी चाझोव. अकस्मात हृदय बंद पडून येणाऱ्या मृत्यूवर दोघांनी पूर्वी सहकार्याने संशोधन केले होते. त्या ओळखीतून ही संघटना जन्माला आली. त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले. कोणत्या राष्ट्राचे धोरण बरोबर, कोणाची राज्यपद्धती श्रेष्ठ, या वादात पडायचे नाही. अणुयुद्धाचा मानवी शरीरावर, रुग्णालयांवर आणि समाजावर काय परिणाम होईल तेवढेच सांगायचे. जून १९८२ मध्ये दोन्ही देशांच्या डॉक्टरांची या विषयावरची तासाभराची चर्चा सोव्हिएत दूरचित्रवाणीवर काटछाट न करता दाखवली गेली. सामान्य सोव्हिएत नागरिकाने हे सत्य इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच ऐकले असेल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात. या डॉक्टरांनी बॉम्ब म्हणजे काय ते बॉम्बच्या मालकांना आणि त्याच्या छायेत राहणाऱ्या जनतेला एकाच वेळी शिकवले. १९८४ चा शिक्षण पुरस्कार त्यासाठी होता.

१९८५ साली संघटनेला नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला. तेव्हा ४१ देशांतील सुमारे १,३५,००० डॉक्टर तिचे सदस्य होते. पुरस्काराबरोबर वादही आला. चाझोव यांनी १९७३ साली शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांच्या निषेधाच्या पत्रकावर सही केली होती. अशा माणसाला शांततेचा पुरस्कार कसा, असा सवाल उठला. तो अनाठायी नव्हता. ओस्लोतील पत्रकार परिषदेत याच प्रश्नांची सरबत्ती चालू असताना समोर बसलेला एक सोव्हिएत पत्रकार हृदयक्रिया बंद पडून कोसळला. लाऊन आणि चाझोव व्यासपीठावरून धावले. इतर डॉक्टरांच्या साथीने त्यांनी त्याची छाती दाबून, श्वास देऊन त्याला जिवंत ठेवले. माणूस वाचला. या प्रसंगाने चाझोव यांच्यावरील आक्षेप पुसला गेला असे म्हणता येणार नाही. तो मनुष्य कोणत्या बाजूचा हे विचारत बसायला तेव्हा कोणालाही सवड नव्हती, एवढेच त्यातून दिसले. आणि वैद्यकाचा धर्म तोच आहे.

भारतीय उपखंडात हा प्रश्न मे १९९८ मध्ये थेट दाराशी आला. ११ आणि १३ मे रोजी भारताने पोखरणला, तर २८ आणि ३० मे रोजी पाकिस्तानने चाचण्या केल्या. पेढे वाटले गेले, फटाके उडाले. वर्षभरानंतर, ११ मे १९९९ रोजी, लखनौला कार्यक्षेत्र मानणारे सामाजिक कार्यकर्ते संदीप पांडे आणि त्यांचे सहकारी पोखरणहून पायी निघाले. ८८ दिवस चालून, सुमारे १५०० किलोमीटर अंतर कापून हिरोशिमादिनी, ६ ऑगस्टला, ते सारनाथला पोहोचले. जेथे भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला त्या स्थळी ही पदयात्रा संपली. वाटेत असतानाच कारगिलचे युद्ध पेटले होते. अशा काळात गावोगावी अण्वस्त्रांविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. पांडे वैद्यक व्यवसायातले नाहीत, ते अभियंते. परंतु त्यांच्या पायांनी जे केले तेच डॉक्टरांनी त्या वर्षी कागदावर केले. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९९ साली भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमण यांचा मुंबईविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिरोशिमाच्या बॉम्बइतका एकच बॉम्ब मुंबईवर पडला तर स्फोट कोठे होतो आणि वस्ती किती दाट आहे त्यानुसार दीड लाखापासून साडेआठ लाखांपर्यंत माणसे मरतील, असा तो अंदाज होता. आपल्या शहराचे नाव त्या हिशेबात वाचणे हा मुंबईकरासाठी वेगळाच अनुभव होता. हिरोशिमा फार दूर आहे, ही समजूत तेथे गळून पडली.

मार्च २००८ मध्ये या संघटनेचे अठरावे जागतिक अधिवेशन नवी दिल्लीत भरले. ‘इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट’ ही तिची भारतातील शाखा. पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ या देशांतही असे डॉक्टर आहेत. त्यांच्या चिंतेला पुढे हवामानशास्त्राने आणखी एक आधार दिला. भारत-पाकिस्तानात हिरोशिमाच्या आकाराचे १०० बॉम्ब वापरले गेले तर जळणाऱ्या शहरांची सुमारे ५० लाख टन काजळी वातावरणाच्या वरच्या थरात जाईल, कित्येक वर्षे सूर्यप्रकाश अडवील, तापमान उतरेल आणि पाऊस घटेल, असे २००७ मधील संशोधनाने दाखवले. २०१३ साली डॉ. आयरा हेलफंड यांनी डॉक्टरांच्या संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात त्यातून येणाऱ्या दुष्काळाचे सावट दोन अब्ज लोकांवर पडेल, असा इशारा दिला. ज्या गंगेच्या खोऱ्यात लखनौ वसले आहे तेथील गहू-तांदूळ आणि मलिहाबादच्या आमराया ज्या ऋतुचक्रावर अवलंबून आहेत, तेच बिघडेल. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला पाऊस लांबणे म्हणजे काय हे वेगळे समजावण्याची गरज नाही. ज्या देशावर एकही बॉम्ब पडला नाही तोही उपाशी राहील, असा या युद्धाचा स्वभाव आहे.

या सर्वावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याला बाजूला सारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राष्ट्राचे संरक्षण हा सरकारचा विषय आहे, डॉक्टरांचा नव्हे. दोन अण्वस्त्रधारी शेजारी असताना भारताने हात बांधून बसावे काय, असे विचारले जाते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही जागतिक आरोग्य संघटनेला काहीसे असेच सांगितले. अण्वस्त्रांचा वापर कायदेशीर आहे काय, असा प्रश्न संघटनेने न्यायालयापुढे ठेवला होता. तो तिच्या कार्यकक्षेत येत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचे उत्तर देण्यास नकार दिला. मात्र त्याच दिवशी, ८ जुलैला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारलेल्या अशाच प्रश्नावर मत देताना, अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे मानवतावादी कायद्याच्या विरुद्ध ठरेल, असे न्यायालय म्हणाले. राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असेल तर काय, याचा निर्णय त्याने दिला नाही. म्हणजे प्रश्न मोकळाच राहिला, आणि विचारी माणसे त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. भारताने आपण प्रथम अण्वस्त्र वापरणार नाही असे धोरण जाहीर केलेले आहे; २०१७ साली १२२ देशांच्या पाठिंब्याने मंजूर झालेल्या अण्वस्त्रबंदी करारात मात्र भारत सहभागी नाही, आणि इतर कोणताही अण्वस्त्रधारी देशही नाही.

डॉक्टरांचे म्हणणे या वादाच्या अलीकडचे आहे, आणि म्हणून ते टाळता येत नाही. संरक्षणाचे धोरण सरकारने ठरवावे. परंतु ते फसले तर जखमींना घेऊन लोक ज्यांच्या दारात येतील त्यांना, आपण काय करू शकू आणि काय करू शकणार नाही, हे आधी सांगण्याचा हक्क आहे. हक्क कसला, ते कर्तव्यच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी धोका न सांगणाऱ्या डॉक्टरला समाज माफ करीत नाही. मग साऱ्या शहराच्या बाबतीत त्याने गप्प राहावे ही अपेक्षा कशी करता येईल? आग लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, हे घरोघरी सांगितले जाते. येथे तर आग लागल्यावर विहीर खणणाराही उरणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: शिकवण्याचा अधिकार डॉक्टरांना त्यांच्या असमर्थतेनेच दिला. ‘आम्ही तुम्हाला वाचवू शकणार नाही’ असे प्रांजळपणे सांगणारा व्यवसाय विरळा.

या चळवळीचे यश मोजूनमापून सांगावे. १९८० नंतरच्या दशकात जगातील अण्वस्त्रांची संख्या साठ हजारांच्या पलीकडे गेली होती. आज ती सुमारे बारा हजार आहे. घट मोठी आहे, पण तिचे श्रेय अनेकांचे: मुत्सद्दी, राज्यकर्ते, रस्त्यावर उतरलेले नागरिक आणि डॉक्टर. याच डॉक्टरांच्या पुढाकारातून निघालेल्या ‘आयकॅन’ या मोहिमेला २०१७ चे आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. तरीही उरलेली बारा हजार अस्त्रे कोणत्याही शहराला पुरून उरणारी आहेत. देवीच्या विषाणूला कोणी मालक नव्हता. अण्वस्त्रांना मालक आहेत आणि त्यांना ती हवी आहेत. म्हणून हे निर्मूलन अधिक कठीण आहे.

एखाद्या शाळेला साठ वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिने किती डॉक्टर, अभियंते, अधिकारी घडवले याची मोजदाद होते, आणि ती व्हावी. तिच्या जोडीला आणखी एक मोजमाप असावे. वर्गात त्रैराशिक शिकलेला विद्यार्थी मोठेपणी ते अवघड जागी मांडतो काय? फटाके वाजत असताना ‘यानंतर काय?’ असे शांतपणे विचारण्याचे बळ त्याला शाळेने दिले काय? खानोलकरांची नजर किंवा लाऊन यांचा हिशेब आकाशातून पडलेला नव्हता. आकड्यांना न घाबरण्याची आणि अप्रिय सत्य सभ्य भाषेत मांडण्याची सवय त्यामागे होती, आणि ती सवय शाळेच्याच वयात लागते.

पालकांसाठीही यात काही आहे. सेंट लुइसच्या त्या आयांपैकी बहुतेकींना अणूची रचना ठाऊक नव्हती. मुलाचा दात पडला, तो त्यांनी जपून ठेवला, तारीख लिहिली आणि लिफाफा टपालपेटीत टाकला. अशा लाखो लिफाफ्यांतून उभा राहिलेला पुरावा अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे गेला. मुलांच्या आरोग्याचा प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून घरात स्वस्थ बसण्याइतका तो लहान नाही, हे त्या मातांनी कृतीने सांगितले. या सभागृहातील प्रत्येक घरात आज ना उद्या एखादे मूल प्रश्न विचारील की बॉम्ब पडला तर काय होते. त्याला घाबरवू नये, आणि खोटा धीरही देऊ नये. जे खरे आहे ते त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगावे. ते घडू नये म्हणून डॉक्टर, शास्त्रज्ञ, पदयात्री आणि आया झटत आल्या आहेत, हेही त्याला सांगावे. कारण तेही तितकेच खरे आहे.